खोली गार हवी की कोरडी?

पत्राचा गोषवारा: रत्नागिरीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर अकोल्याचं, लग्नानंतर अकरा वर्षं कोकणात. घर दोन बेडरूमचं, इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. त्यांची झोपायची खोली दहा बाय बारा, खिडकी पश्चिमेला. घरात नवरा, साडेचार वर्षांची मुलगी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. एप्रिल लागला की मुलीचं अंग घामोळ्यांनी भरतं. यंदा एक एसी घेण्याइतके पैसे बाजूला पडलेत. अकोल्याचा भाऊ म्हणतो, ‘दोन टनाचाच घेजो, हॉलमध्ये लाव, दारं उघडी ठेव, सगळं घर गार.’ दुकानदार म्हणतो, दीड टन, फाइव्ह स्टार, ऑफर रविवारपर्यंत. नवऱ्याला एसी आपल्या खोलीत हवाय. सासूबाई म्हणतात, ‘मला नको, एसीनं सांधे धरतात, तुम्ही घ्या.’ ताईंना प्रश्न पडलाय की किती टनाचा घ्यावा, कुठे लावावा आणि सासूबाईंना उकाड्यात ठेवून आपण गारव्यात झोपलो तर ते कसं दिसेल. जाता जाता त्यांनी लिहिलंय की शेजाऱ्यांच्या तशाच खोलीत दीड टनाचा जुना एसी आहे, तिथे ‘थंडी वाजते, पण बरं वाटत नाही.’ ताजा कलम असा, की भावानं दोन वर्षांपूर्वी पाठवलेला कूलर बाल्कनीत पडून आहे, त्याचं काय करू?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी लिहून टाकलंय. थंडी वाजते, पण बरं वाटत नाही. टन, स्टार, हॉल की बेडरूम हे सगळं आपण बघू, पण आधी या वाक्यापाशी थांबू या. कोकणात एसी घेताना जी चूक होते ती सगळी या एका वाक्यात आहे.

तुमच्या भावाचं काही चुकलेलं नाही. तो अकोल्याच्या उन्हाळ्याबद्दल बोलतोय. तिकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, पण हवा अशी कोरडी की दोरीवर टाकलेली चादर वळून बघेपर्यंत वाळते. लहानपणी तुम्ही वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं असेल, मग घरात कूलर आला असेल. दोन्हींची युक्ती एकच. तहानलेल्या हवेला पाणी पाजायचं, त्या पाण्याची वाफ होते आणि होताना हवेतली उष्णता घेऊन जाते. रत्नागिरीत पारा ३३ च्या आसपास रेंगाळतो. अकोल्याच्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. पण इथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली असते. घाम सुटतो तो अंगावरच राहतो. सकाळी उघडलेला चिवडा दुपारी सादळतो, मिठाला पाणी सुटतं, आणि रात्री बारा वाजताही पारा २७ च्या खाली यायला तयार नसतो.

जरा हिशेब मांडते, कंटाळू नका. तुमची दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट धरली, तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. बाहेर ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना एवढ्या हवेत साधारण ८५० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती खोली २७ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणायची, म्हणजे अंगाला बरी वाटेल अशी करायची, तर त्यातलं साडेतीनशे ग्रॅमहून जास्त पाणी बाहेर काढावं लागतं. आता गंमत बघा. नुसती हवा सहा अंशांनी थंड करायला जेवढं काम पडतं, त्याच्या जवळजवळ चौपट काम हे पाणी काढायला पडतं. भिंती आणि स्लॅब दिवसभर तापतात ते ओझं वेगळं, त्याकडे पुढे येते. शिवाय पाणी एकदा काढलं की संपलं असंही नाही. दाराखालच्या फटीतून, न्हाणीघरातून, आपल्या श्वासातून ते रात्रभर येतच राहतं. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली सकाळी भरलेली दिसते ती त्यामुळेच.

एसीचा जन्मसुद्धा या ओलीपायीच झालाय. १९०२ साली विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं आपली पहिली यंत्रणा आखली ती न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. तिथे माणसांच्या गारव्याची कुणाला फिकीर नव्हती. दमट हवेनं कागद फुगायचा, मग आकसायचा, आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसायचा नाही, ही मालकाची रड होती.

आता शेजाऱ्यांच्या खोलीत काय होतं ते सांगते. आतल्या युनिटमध्ये गार नळ्यांची जाळी असते, तिला मेकॅनिक कॉइल म्हणतात. खोलीतली हवा तिच्यावरून जाते, थंड होते आणि तिच्यातलं पाणी दव पडल्यासारखं कॉइलवर जमतं. ते ओघळून नळीवाटे बाहेर जायला वेळ लागतो. एसी खोलीच्या मानानं दांडगा असला, तर पारा चटकन खाली येतो, सेन्सर खूश होतो आणि कॉम्प्रेसर, म्हणजे गार करणारा गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद पडतो. पाणी अजून कॉइलवरच असतं. पंखा फिरतच राहतो आणि तेच पाणी पुन्हा हवेत मिसळतो. खोली गार, पण ओली. मग माणूस रिमोट उचलून २० करतो, आणखी गार होतं, आणखी चिकट होतं, मग पांघरूण घेतो. याला मी ‘फ्रिजमधली भाजी होणं’ म्हणते.

मी स्वतः ही भाजी झालेली आहे. माझी लिहायची खोली जेमतेम नऊ बाय दहा. दुकानदारानं ‘मॅडम, कमी पडायला नको’ म्हणत दीड टनाचा जुन्या पद्धतीचा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, ज्याचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालतो नाहीतर पूर्ण बंद पडतो असा एसी गळ्यात मारला. पहिल्याच पावसाळ्यात पुस्तकांच्या कापडी बांधणीवर पांढरी बुरशी आली. मला वाटलं, एसी नादुरुस्त आहे. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, दोनदा पैसे घेऊन गेला. यंत्र ठणठणीत होतं, माप चुकलं होतं. ‘कमी पडायला नको’ ही आपली सवय पंगतीत ठीक आहे.

तर, माप. टन हा शब्द वजनाचाच आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी ओढण्याची ताकद म्हणजे एक टन, विजेच्या भाषेत साधारण ३,५०० वॅट. खोक्यावरच्या टनांवर फार जाऊ नका. लेबलवर वॅटमध्ये क्षमता छापलेली असते, ती वाचा. एक टन म्हणून विकलेला एसी प्रत्यक्षात ३,२०० वॅटचाही निघतो.

तुमच्या खोलीला, मधल्या मजल्यावर असती आणि पश्चिमेची खिडकी नसती, तर डोळे झाकून एक टन सांगितला असता. वरचा मजला आणि मावळतीचं ऊन यामुळे दुकानदार दीड म्हणतोय, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. पण मी उलटं विचारेन. वाढीव अर्ध्या टनाचे पैसे यंत्राला का द्यायचे? स्लॅबला द्या. सोसायटीची परवानगी काढून आपल्या डोक्यावरच्या गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या. तेही जमत नसेल तर दर फेब्रुवारीत चुन्याचे दोन हात. खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चिक सोडा, म्हणजे ऊन काचेतून आत शिरायच्या आधीच अडेल. एवढं केलंत की एक टनाचा इन्व्हर्टर तुमच्या रात्रींना पुरतो. मेच्या भर दुपारी तो खोलीला काश्मीर करणार नाही. पण तुम्हाला काश्मीर हवंय कुठे, मुलीची घामोळी जायला हवीत.

गच्चीचं काहीच होणार नसेल आणि दुपारीही वापर असेल, तर दीड टन घ्या, मात्र इन्व्हर्टरच. आणि दुकानात एक प्रश्न विचारा, ‘हा कमीत कमी किती वॅटवर चालतो?’ विक्रेता गोंधळेल, त्याला माहितीपत्रक काढायला लावा. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर पूर्ण बंद न पडता हळू चालू शकतो, म्हणून आपल्याकडे तो बरा. पण किती हळू, यावर ओल निघणं न निघणं ठरतं. हा खालचा आकडा जितका लहान, तितकं ते यंत्र रात्रभर संथ चालत राहील आणि पाणी गाळत राहील.

स्टारचं थोडक्यात. पाच स्टार घ्या, तुमचा वापर मार्च ते मे, शिवाय ऑक्टोबर असा असेल, त्यामुळे ते पैसे फिटतात. फक्त लेबलवर कोणत्या काळासाठीचं मानांकन आहे ते बघा. निकष अधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये झाले तेव्हा तोवरचे बरेच पाच स्टार एका रात्रीत चार स्टार झाले. लेबलवरची वर्षाची युनिट १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. समजा ५६० युनिट लिहिलीत, तर १,६०० नं भागा, तासाला सरासरी ०.३५ युनिट. यात एक मेख आहे. ही चाचणी ज्या खोलीत होते, तिथली हवा २७ अंशांची असली तरी आर्द्रता निम्म्याहून कमी असते. तशी हवा रत्नागिरीच्या उन्हाळ्यात आयती मिळत नाही. म्हणून मी कोकणासाठी त्या आकड्यात निदान तिसरा हिस्सा वाढवून धरते. म्हणजे रात्रीचे आठ तास, रोजची चारएक युनिट, महिन्याची सव्वाशेच्या आत. आता मागचं बिल काढून बघा. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटना बदलतात. तुम्ही आत्ता अडीचशेवर असाल तर एसीची बरीचशी युनिट ३०० च्या वरच्या महाग दरानं पडतील. हे आधीच कळलेलं बरं, नाहीतर जूनमध्ये बिल आल्यावर घरात गुन्हेगाराचा शोध सुरू होतो.

हॉलमधला दोन टनाचा बेत सोडून द्या. दारं उघडी ठेवून सगळं घर गार करायचं म्हणजे फुटक्या होडीतलं पाणी तांब्यानं उपसायचं. स्वयंपाकघरातली वाफ, न्हाणीघरातली ओल, बाल्कनीतून येणारा खारा वारा, सगळं त्या एका यंत्राकडे धावत येणार. एक लिटर पाणी हवेतून गाळायला एक टनाच्या एसीला जवळपास बारा मिनिटं दुसरं काहीही न करता खपावं लागतं. याच हिशेबानं पावसाळ्यात एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. बादलीभर कपड्यांतून दोन लिटर पाणी सहज निघतं, ते वाळवायला वीज तुमची जाते. घरात दोन टनांची खरंच गरज वाटली, तर एकेक टनाचे दोन घ्या, दोन वर्षांच्या अंतरानं, दोन खोल्यांत.

आता सासूबाई.

तुम्ही लिहिलंय, ‘त्यांना एसी सोसत नाही.’ त्यांनी तसं म्हटलंय खरं. पण त्यांना एसी सोसत नाही, की एसीचा झोत सोसत नाही? बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, कुणाच्या तरी गाडीत, जिथे जिथे त्यांनी एसी अनुभवला असेल तिथे तो १८-२० वर असणार आणि झोत नेमका गुडघ्यांवर. २७ वर ठेवलेली, झोत छताकडे वळवलेली, वर पंखा एकवर फिरणारी खोली त्यांनी बहुधा पाहिलेलीच नाही. दुसरं असं की आपल्याकडची वडीलधारी माणसं ‘मला नको’ म्हणतात तेव्हा त्यातलं अर्धं बिलाबद्दल असतं आणि उरलेलं ‘माझ्यासाठी म्हणून नको’ असं असतं. तुम्ही अकरा वर्षं त्यांच्यासोबत राहताय, तुम्हाला त्यांचं ‘नको’ माझ्यापेक्षा जास्त कळतं. एकदा आग्रह न करता विचारा. नवऱ्याकरवी नको, तुम्ही विचारा.

आणि एक गोष्ट काळजीनं सांगते. दमट उकाडा म्हाताऱ्या शरीराला फार जड जातो, कारण अंग गार करायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि तो वाळतच नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होतं. त्यांची गोळी कोणती आहे आणि उन्हाळ्यात पाणी किती प्यायचं, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. म्हणजे घरात एसीची सगळ्यात जास्त गरज असणारी माणसं दोन आहेत. एक साडेचार वर्षांची, दुसरी एकाहत्तर वर्षांची. तुम्ही आणि यजमान तिसरे-चौथे.

म्हणून ‘कुणाच्या खोलीत’ हा प्रश्न मी असा फिरवेन की दिवसाचे कोणते तास कुणाचे? सासूबाईंची खोली लहान असेल, पश्चिमेचं ऊन तिथे येत नसेल, तर एसी तिथेच लावायचा विचार करा. नात आजीजवळ झोपतेच ना? एक टन तिथे आणखी आरामात पुरेल. त्या ठाम नाही म्हणाल्या तर तुमच्या खोलीत लावा, पण दुपारी दोन ते पाच ती खोली आजी-नातीची, आणि रात्री उकाडा असह्य झाला तर त्यांची गादी तिथे, झोताच्या समोरच्या भिंतीला नव्हे, एसीखालच्या भिंतीला. पहिले काही दिवस २८ वर ठेवा. त्यांनी स्वतःहून ‘जरा वाढव’ म्हणायची वाट बघा. बाहेरच्यांना कसं दिसेल हा प्रश्न मी बाजूला ठेवते. तुमच्या पत्रात ‘लोक’ एकदाही नावानिशी आलेले नाहीत, आणि सासूबाई चार वेळा आल्यात.

वापरायचं असं. २६ किंवा २७, पंखा चालू. वारा अंगावरून फिरला की दोन-तीन अंशांचा फरक फुकट मिळतो. तापमान एक अंश वर ठेवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं सरकारी ऊर्जा कार्यक्षमता विभाग सांगतो, आणि १ जानेवारी २०२० पासून नवे एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात, तेही यासाठीच. एसीचा स्वतःचा पंखा ‘ऑटो’वर ठेवा, ‘हाय’वर नको. हवा कॉइलवरून सावकाश गेली की पाणी जास्त सोडते. जून-जुलैत बाहेरच २७ अंश असतात आणि सगळं घर सादळलेलं असतं, तेव्हा रिमोटवरचं ‘ड्राय’ बटण दाबा. त्या बटणाला बहुतेकांनी हातच लावलेला नसतो, आणि कोकणात तर त्याच्यासाठीच एसी घ्यावा. खोलीत झोपायला जायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी सुरू करा, आणि झोपण्याआधी दोन मिनिटं दार उघडून हवा बदला, कारण एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो.

आता समुद्र. खारा वारा बाहेरच्या युनिटला खातो. तांब्याची कॉइल आणि पत्र्यांवर संरक्षक मुलामा असलेलं मॉडेल घ्या. स्टँड साधा रंगवलेला लोखंडी नको, निदान नटबोल्ट तरी स्टेनलेस स्टीलचे मागा. चार वर्षांनी मेकॅनिक गंजलेला नट कापत बसला की ते पन्नास-शंभर रुपये आठवतात. युनिट शक्यतो थेट समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडी नको, पण बंदिस्त बाल्कनीतही कोंडू नका, त्याला श्वास हवा. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, मेन स्विच बंद करून, बाहेरच्या युनिटच्या जाळीवर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारून मीठ धुवा. आतली गाळणी पंधरा दिवसांनी. पाण्याच्या नळीला सरळ उतार आहे ना हे लावतानाच बघा. कोकणात तिच्यात शेवाळ धरतं आणि मग पाणी पलंगावर पडतं.

लावणारे येतील त्या दिवशी घरी थांबा. ‘व्हॅक्यूम पंप आणलाय का?’ एवढंच विचारा. नळ्यांमधली दमट हवा पंपानं ओढून काढायची असते. घाईत असलेले लोक थोडा गॅस सोडून ती ‘उडवून’ देतात. आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरला भोवते. पंप नसेल तर चहा पाजून परत पाठवा, उद्या पंपासकट येतील. स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर. मेअखेर विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा.

रविवारची ऑफर जाऊ द्या, पुढच्या रविवारी पण असते.

राहिला कूलर. रत्नागिरीत तो बंद खोलीत लावणं म्हणजे पैसे देऊन घरात पावसाळा आणणं, त्यामुळे तुम्ही तो बाल्कनीत टाकलात ते योग्यच केलंत. भाऊ पुढच्या वेळी गाडी घेऊन आला की त्याच्याबरोबर परत पाठवा, अकोल्यात त्याला अजून चांगली दहा वर्षं काम आहे. येताना त्याला वाळ्याची एक जुडी आणायला सांगा. ताट्या नाही झाल्या तरी माठात टाकता येईल.